छताखालची शिवण

कुठल्याही सभागृहात गेले की मी आधी खुर्ची हलवून बघते. नाटक असो, लग्न असो, कुणाचा सत्कार असो. बसण्याआधी खुर्चीच्या पाठीला हात लावून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नात म्हणते, "आजी, लोक बघतायत." बघू देत. खुर्ची हलली तर दोष खुर्चीचा की जमिनीचा, हे मला एका झटक्यात कळतं, आणि जमिनीचा असला तर कार्यक्रम संपेपर्यंत माझं अर्धं लक्ष पायांखालीच राहतं. आठवी शिकलेल्या बाईला ही विद्या कुठून आली, हे सांगायचं तर कलकत्त्याला जावं लागेल, आणि मैदानाच्या कडेला, नदीच्या अंगाला उभ्या राहिलेल्या एका गोल इमारतीत शिरावं लागेल.

ती इमारत मी उभी राहताना बघितली. ताईच्या घरून खिदिरपूरला कामाला जायचं म्हणजे दोन ट्रामा. धर्मतल्याला पहिली सोडायची, दुसरी धरायची, आणि दुसरीच्या खिडकीतून मैदानाच्या झाडांवरून तिकडं बघायचं, हा माझा रोजचा नेम. आधी नुसतं बांबूचं कुंपण होतं. मग कुंपणावरून खांबांची डोकी वर आली. मग एके दिवशी खांबांवर छत्रीच्या काड्यांसारख्या लोखंडी काड्या पसरल्या, आणि ट्राममध्ये बायकांच्या बाकावर रोज नवी बातमी. कुणी म्हणायचं, इथं सर्कस येणार. कुणी म्हणायचं, परदेशी संघ येऊन टेबल टेनिस खेळणार. एक म्हातारी शपथेवर सांगायची की आत बर्फ करून त्यावर पोरी नाचवणार आहेत. शेजारच्या क्रिकेटच्या अवाढव्य मैदानाच्या मानानं ते पोरसवदाच दिसायचं. पण त्याला डोक्यावर छप्पर होतं. पाऊस येवो, ऊन येवो, आतला खेळ थांबणार नाही. आज खेळ, उद्या गाणं, परवा प्रदर्शन, सगळं एकाच जमिनीवर. कलकत्त्याला त्या काळात अभिमान वाटावा अशा गोष्टी थोड्या होत्या. दिवे जायचे, संप व्हायचे, भिंती घोषणांनी रंगलेल्या. तरी त्या काड्यांवर पत्रे चढायला लागले तेव्हा ट्राममधली माणसं माना वळवून बघायची, आपल्याच घरावर कौलं चढत असल्यासारखी.

ताईचं घर बालीगंजला, रेल्वेच्या रुळांपासून हाकेवर, दुसऱ्या मजल्यावर. गाडी गेली की फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. जमीन लाल सिमेंटची, पायाला गार लागणारी, ताई ती इतकी पुसायची की तिच्यात खिडकी दिसे. संध्याकाळी शेजारपाजारच्या घरांतून शंख वाजायचे, आणि ताई जणू उत्तर म्हणून आपल्या देव्हाऱ्यातली घंटा जरा जास्तच वेळ वाजवायची. मोहरीच्या तेलाचा वास जिन्यात बारा महिने. ज्वारी मिळायची नाही. मुंबईकडून कुणी ओळखीचं आलं की दाजी हावड्याला उतरवून घ्यायला जायचे, ते पाहुण्यासाठी कमी आणि त्याच्या हातातल्या पिशवीसाठी जास्त. त्यात गोडा मसाला, आमसुलं आणि ज्वारीचं पीठ असे. पीठ संपेपर्यंत चार दिवस घरात भाकरी थापल्याचा आवाज, आणि मी तो आवाज स्वयंपाकघराच्या दारात बसून नुसती ऐकायची. माझी सहा वर्षांची भाची मिनू, जन्मापासून कलकत्त्याची. ती भाकरीला 'काळी लुची' म्हणायची, लुची म्हणजे तिकडची मैद्याची पुरी, आणि मला विचारायची, "मावशी, तू हे रोज खात होतीस? आर किछु ना? दुसरं काहीच नाही?"

मी तिथं आले कशी, तर अण्णा गेले म्हणून. आमचे अण्णा, म्हणजे वडील, कऱ्हाडला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. मशीनच्या पायट्याशी बसून दोरा ओढायला मी चालायला लागले तेव्हाच शिकले असेन. आई त्याआधीच गेलेली; ते गेले, शाळा आठवीत सुटली, मी काकांच्या दारात पडले, आणि ताई मला घेऊन कलकत्त्याला आली. एवढं पुरे. काकांचं पोस्टकार्ड दर महिन्याला यायचं. शेवटची ओळ ठरलेली: 'धाकटीचं काय ठरवलंत?' मी सांगते आहे त्या साली पावसाळ्यानंतर ती ओळ बदलली. 'स्थळ चालून आले आहे. दिवाळी झाली की तिला पाठवून द्यावे.' ताईनं ते कार्ड तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. दाजींनी ते तिथून काढलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि मला हाक मारली.

दाजी गोदीच्या कस्टम ऑफिसात होते. मनानं उदार, बोलायला तुसडे. "काकांना उत्तर द्यायचंय," ते म्हणाले. "ती इथं काय करते म्हणून लिहू? ताडपत्र्या शिवते म्हणून? ते तर ती कऱ्हाडातही करत होती. त्यासाठी दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास कशाला?"

ताई म्हणाली, "अहो, ती कारखान्यात जाते. हाताला काम आहे तिच्या."

"काम आहे की हौस आहे, ते मला कळलेलं नाही. कळलं की लिहितो. तोवर दिवाळी आहेच."

मला तेव्हा बोलायची भीतीच असे. दिलेली शिवणसुद्धा मी तीनदा चाचपून बघायची, कुलूप लावून जिना उतरले की परत वर जायची. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या अन्नावर वाढणाऱ्या पोरीचा जीव असा सतत दाराशी उभा असतो. पण एक मला पक्कं माहीत होतं. मला परत जायचं नव्हतं.

माझं काम लागलं होतं ते दाजींच्याच ऑफिसच्या जीपमुळं. तिचं हूड फाटलं होतं, आणि मी ते घरी आणवून दाभणानं सांधून दिलं होतं. खिदिरपूरला जहाजांच्या मालखान्यांच्या तोंडांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवणारा एक कारखाना होता, त्याचे मालक काही कामानं ऑफिसात आले, जीपच्या पुढं थबकले आणि सांध्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "ये किसका हाथ है?" त्यांना सगळे ओस्तागर म्हणत, तिकडं शिवणाऱ्या उस्तादाला तसंच म्हणतात. मी चाचा म्हणायची. पांढरी दाढी, हातभर लांब कात्री, आणि उजव्या तळव्याला बांधलेलं चामडं. त्या चामड्यात एक लोखंडी चकती असते, तिच्यावर दाभणाचा बुडखा टेकवून ढकलायचा, म्हणजे चार पदरी कॅनव्हाससुद्धा लोण्यासारखा भेदतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'मा' म्हणून हाक मारली. मी मागं वळून बघितलं, कुणाची आई आली म्हणून. पोरीसोरींना 'मा' म्हणायची रीतच आहे त्या बाजूला. मी मात्र महिनाभर दर हाकेला तशीच वळून बघत राहिले.

तर त्या गोल इमारतीचं काम आमच्याकडं आलं. झालं होतं असं की आतल्या जमिनीला लाकूड बसवलं होतं; फळीला फळी जोडून, घासून, तेल पाजून आरशासारखं केलेलं. खेळाला ते हवंच. पण खेळ संपला की त्याच लाकडावर गाण्याच्या कार्यक्रमाला हजारो लोखंडी खुर्च्या ठेवायच्या होत्या. म्हणजे लाकडावर अंथरायला एक प्रचंड जाजम हवं, जाड कॅनव्हासचं, तुकड्यातुकड्यांत गुंडाळता येईल असं. माप घ्यायला चाचा मला घेऊन गेले. बाहेरून दिसणारी ती छत्री आतून बघताना माझी मान अवघडली. पायऱ्यांसारख्या बैठकांची कडी वर वर चढत गेलेली, आणि मधोमध ते लाकूड, मधाच्या रंगाचं. दारात जमिनीचं काम बघणारे सेनबाबू उभे होते. पायांत नुसते मोजे.

"जूता खोलो!" ते लांबूनच ओरडले. "सब लोग जूता खोलो! ये फर्श मेरा लड़की है, लड़की! इसका ऊपर कोई जूता ले के नेहीं चलेगा!"

चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "आणि हिच्या लग्नाला हजार पावणे लोखंडी पायांचे येणार." अर्थात हे त्यांनी त्यांच्या बोलीत म्हटलं, मला ते आजही मराठीतच ऐकू येतं.

सेनबाबूंनी एकच गोष्ट बजावली: टेबल टेनिसचे सामने संपल्यावर एका दिवसात जाजम अंथरलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी गाण्याचा पहिला जलसा झाला पाहिजे. चाचांनी छातीवर हात ठेवला. आणि त्यांनी त्या कामाच्या शिवणी माझ्या हाती दिल्या. दुकानात माझ्याहून जुने सात जण होते, तरी म्हणाले, "सीधी लकीर इसी लड़की की है." मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आनंदानं की भीतीनं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

आम्ही कामाला लागलो. गजभर रुंदीचे लांबच लांब पट्टे, एकाला एक जोडायचे. आमच्या दुकानाची जोडणी अख्ख्या गोदीत नावाजलेली. दोन्ही काठ एकमेकांत दुमडून अडकवायचे, म्हणजे चार पदर होतात, मग त्यावर मेण ओढलेल्या दोऱ्याच्या दोन टिपा. वरून समुद्र कोसळला तरी खाली थेंब उतरत नाही. अण्णाही तसंच शिवायचे, ट्रकवरच्या साखरेच्या पोत्यांसाठी. मी ती शिवण डोळे मिटून करू शकत होते, आणि जवळजवळ तशीच केली. तीन आठवड्यांत कारखान्याच्या एका भिंतीला गुंडाळलेल्या तुकड्यांची चळत छातीपर्यंत आली. चाचा येता-जाता शिवणींवरून अंगठा फिरवत आणि काही न बोलता पुढं जात. न बोलणं हीच त्यांची शाबासकी.

मग आला तो रविवार. दाजींनी आपल्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं. नागपूरकडचे, नुकतेच बदलून आलेले, कलकत्त्यात कुणी पंगतीला बसवत नाही म्हणून हळहळणारे. ताईनं पुरण घातलं. केळीची पानं मिनूनं आणि मी बाजारातून उचलून आणली. पाट घरात दोनच, लग्नात मिळालेले. जमीन गार, साहेबांना संधिवात, म्हणून ताई म्हणाली, "तुझ्याकडं तो शिवलेला तुकडा आहे ना नमुन्याचा, तो अंथर खाली. जाड आहे." मी अंथरला. साहेबांना खिडकीकडचा पाट, दाजी शिवणीकडच्या पाटावर.

पोळीवर तूप पडलं, श्लोक झाला, आणि दाजींचा पाट बोलायला लागला. ते घासाला वाकले की टक्, मागं झाले की टक्. साहेब हसून म्हणाले, "तुमच्याकडं ठेक्यावर जेवतात वाटतं."

दाजी कानापर्यंत लाल. "पाटाचा पाय झिजलाय," म्हणत त्यांनी पाट अर्धी वीत सरकवला. टक्. मग पान सरकवलं, तर पानाचा देठाकडचा भाग शिवणीवर चढला आणि कटाची आमटी सरळ पोळीखाली निघाली. मिनू आनंदानं ओरडली, "बाबा, नोदी! नदी आली!"

सगळे हसले. मी वाढत होते, हातात आमटीचं भांडं. माझी नजर त्या शिवणीवरून हलेना. जेवणं झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत पानाचे विडे लावत बसले तेव्हा मी तो पाट उलटा केला. पाय कुठं झिजला नव्हता. पण ज्या पायाखाली शिवण आली होती, त्या सागवानी पायाला आडवा वळ उठला होता. छडी मारल्यावर तळहातावर उठतो तसा. एका माणसाच्या एका जेवणाचं वजन, आणि सागवानाला वळ.

मी तिथंच उष्ट्या पानांत बसून राहिले. आमच्या चार पदरी शिवणींवर हजारो खुर्च्या. प्रत्येक खुर्ची डुगडुगणार. आणि त्या शिवणी खाली रुतणार, सेनबाबूंच्या मधाच्या रंगाच्या लेकीत. पंधरवड्यावर जलसा. सांगितलं तर तीन आठवड्यांचं काम माझ्याच तोंडानं मातीत घालायचं. चाचा म्हणतील, घरी बस. घरी म्हणजे कुठं, ते पोस्टकार्डावर लिहिलेलंच होतं. न सांगितलं तर? न सांगितलं तर निदान जलशापर्यंत कुणाला कळणार नव्हतं. हा विचार माझ्या मनात आला होता, हे मी इथं लपवत नाही. रात्रभर तो माझ्या उशाशी होता.

सोमवारी सकाळी मी पाटच उचलून ट्राममध्ये बसले. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं. मी म्हटलं, मांडीवर आहे. कारखान्यात पोचल्यावर पाट चाचांच्या पुढं उलटा ठेवला, वळ दाखवला, आणि माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं.

चाचांनी वळ बघितला. मग उठून चळतीतल्या वरच्या तुकड्याची शिवण दोन बोटांत धरली. त्यांचा चेहरा मिटला. "चालीस साल से यही सिलाई है मेरी," ते म्हणाले. "मेरे बाप की भी यही थी. इसमें से एक बूँद नीचे नहीं जाता. एक बूँद."

मी म्हटलं, "चाचा, वहाँ तो छत है."

दुकानातली सगळी मशिनं थांबली. मग कोपऱ्यातला एक जण फिस्सकन हसला, आणि त्याच्यामागून सगळेच. खरंच की! दोन वर्षं अख्खं कलकत्ता त्या छपराकडं माना मोडून बघत होतं, आणि आम्ही त्याच छपराखालच्या जमिनीसाठी समुद्र अडवणारी शिवण घालत बसलो होतो. जन्मभर ज्यानं पावसाशीच झुंज घेतली, त्याच्या हाताला पाऊस नसलेली जागा सुचतच नाही. हसले नाहीत ते फक्त चाचा. त्यांनी तळव्याचं चामडं सोडलं, टोपी सारखी केली, एक तुकडा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "चल, मा."

मला वाटलं, दारापर्यंत सोडायला येतायत. पण ते मला घेऊन गेले त्या गोल इमारतीत. सेनबाबूंच्या देखत एका कडेला त्यांनी तुकडा अंथरला, शिवणीवर लोखंडी खुर्ची ठेवली आणि सेनबाबूंना बसायला सांगितलं. सेनबाबू बसले, डुगडुगले, उठले. तुकडा बाजूला केला. लाकडावर केसाएवढी रेघ. सेनबाबू गुडघ्यांवर बसले आणि अंगठ्यानं ती रेघ पुसायला लागले. पुसली जाते का ती? "सर्बोनाश," ते इतकंच म्हणाले. मग वर बघून, "ये किसने सिलाई किया?"

मी "मैंने" म्हणायला तोंड उघडलं होतं. चाचांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला. "सिलाई मेरे दुकान की है. गलती मेरी. और ये इस लड़की ने पकड़ी, जलसे से पहले."

त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. माणसं उपकार करतात आणि विसरतात; ज्याच्यावर होतात त्यानं विसरू नये, म्हणून तर हे लिहायला बसले.

उपाय मात्र माझ्याकडंच होता, म्हणजे अण्णांचा. ज्यांच्याकडं दुमडायला जास्तीचं कापड नसायचं अशा गाडीवाल्यांना अण्णा एक वेगळा सांधा घालून द्यायचे. काठाला काठ नुसता टेकवायचा, एकावर एक चढवायचा नाही, आणि हातानं तिरके टाके घालत जायचं, माशाच्या काट्यासारखे. एकदा वरून, एकदा उलटून खालून. त्याला अण्णा 'गरिबाचा सांधा' म्हणत. पाण्याला तो अडवत नाही. पण बोट फिरवलं तर कापड कुठं संपलं आणि कुठं सुरू झालं, ते कळत नाही. मी तिथंच एक वीतभर घालून दाखवला. चाचांनी अंगठा फिरवला. सेनबाबूंनी मोजा काढला आणि अनवाणी पाय ठेवला. "कोथाय?" त्यांनी विचारलं. "जोड कुठाय?"

मशिनीला हे काम जमत नाही. आठ-दहा दिवसांत तेवढं हातानं व्हायचं तर दुकानातले हात पुरे पडणार नव्हते. दुसऱ्या दिवशी चाचांच्या मोहल्ल्यातून त्यांची बायको, सुना, शेजारणी अशा पंधरा-वीस बायका आल्या. कारखान्यात त्या आधी कधी पाय न ठेवलेल्या. पण जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून बोटं तयार. पुरुषांना मागच्या पडवीत उसवायला बसवलं, आणि पुढच्या जागेत आम्ही. मी, एकोणीस वर्षांची, सगळ्यांना टाका शिकवत फिरत होते. बाहेर जहाजांचे भोंगे, आत बांगड्या, आणि पंधरा-वीस तोंडांतून एकाच वेळी चाललेल्या वीस गोष्टी. चाची मला म्हणायची, "तोर मा तोके खूब भालो शिखियेछे." तुझ्या आईनं तुला छान शिकवलंय. मी सांगायची, आईनं नाही, बापानं. त्यावर त्या सगळ्या हसून लोटपोट; बाप शिवण शिकवतो, असा कसा तुमचा देश!

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात ताई उभी. हातात डबा. खिदिरपूरच्या त्या गल्लीत ती आयुष्यात आली नव्हती; नऊवारी नव्हे तरी कडक इस्त्रीचं पातळ, कपाळावर मोठं कुंकू, आणि नाकाला पदर. "तू सकाळी डबा विसरलीस," ती म्हणाली. "देऊन जाते." मग माझ्या बोटांकडं बघितलं. चिंध्या बांधल्या होत्या. तिनं बायकांकडं बघितलं, तुकड्यांकडं बघितलं, आणि पदर खोचून माझ्या शेजारी बसली. "अण्णांचा गरिबाचा सांधा ना? सरक. तुझ्याआधी मला शिकवलाय त्यांनी." थोड्या वेळानं डब्यातली थालीपिठं हातोहात गेली, चाचीनं एक तुकडा उजेडात धरून विचारलं, "एटा की गो?" हे काय गं, आणि ताईनं तिच्या कच्च्या बंगालीत आमच्या भाजणीत काय काय पडतं, ते टाके घालता घालता सांगितलं. पुढं रोज ती मिनूला शाळेत सोडून यायची. दाजींना सांगायची नाही. आम्ही दोघी संध्याकाळी वेगवेगळ्या ट्रामनं घरी जायचो, चोरांसारख्या.

टेबल टेनिसचे सामने झाले. ते मी पाहिले नाहीत. त्या दिवसांत माझ्या डोळ्यांपुढं टाक्यांखेरीज काही नव्हतं. शेवटचा सामना संपल्यावर दुसऱ्या सकाळी आम्ही जाजम नेलं. गुंडाळ्या सोडत सोडत दारापासून मधोमध आणि मधोमध ते पलीकडल्या दारापर्यंत, मधाचा रंग झाकत गेलो. सेनबाबू पुढं पुढं अनवाणी चालत होते आणि टाचेनं सांधे शोधत होते. सापडले नाहीत. मग खुर्च्या आल्या.

जलशाचे पास दाजींना ऑफिसातून मिळाले होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौघं गेलो. वर गोल गोल माणसंच माणसं, आणि आम्हाला खाली जाजमावरच्या रांगेत जागा. मी दारातच चपला काढायला वाकले. ताईनं कोपरानं ढोसलं. दाजी बसले. गाणारा अजून यायचा होता, तंबोरे लागत होते. दाजींची नजर सहज खाली गेली. त्यांनी वाकून कॅनव्हासला हात लावला; त्या रविवारी पाटाखाली होता, तोच. मग शेजारी बसलेल्या आपल्या बायकोच्या बोटांकडं बघितलं. त्यांवरच्या चिंध्या तिनं सकाळीच सोडल्या होत्या, पण टोचल्याच्या खुणा कुठं जाणार? मग माझ्या बोटांकडं.

"दुपारी घरी कुलूप असायचं," ते ताईला म्हणाले. "मी दोनदा येऊन गेलो. मला वाटलं, बायकांच्या मंडळात जाता."

ताई म्हणाली, "मंडळच होतं. जरा लांबचं."

त्यांनी विचारलं, ताईनं सांगितलं, पाटापासून सगळं. दाजींनी दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली आणि आपलं सगळं वजन डावीकडं टाकलं. मग उजवीकडं. पुढं. मागं. मागच्या रांगेतल्या बाई बघायला लागल्या. मिनू म्हणाली, "बाबा, की कोरछो? काय करताय?" त्यांनी पुन्हा एकदा डावीकडं-उजवीकडं केलं, कस्टमच्या माणसानं पेटी हलवून बघावी तसं.

"हलत नाही," ते म्हणाले. मग समोर, कुणालाच नाही असं, पुन्हा, "हलत नाही गं."

गाणं कसं झालं, मला विचारू नका. पुढं त्या जमिनीवर पुष्कळ काही झालं, आणि खेळ असला की जाजम गुंडाळायला, गाणं असलं की पसरायला, आणि कुठं उसवलं की सांधायला, आमच्या दुकानाची माणसं जात राहिली. पुष्कळ वर्षं त्यांच्या पुढं मी असे. दर वेळी दारात चपला काढून.

जलशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी तांदळाच्या डब्याखालून काकांचं कार्ड काढलं, एक कोरं कार्ड त्याच्याशेजारी ठेवलं, टाक पुढं केला, आणि मला म्हणाले, "तूच लिही. विचारलंय तुझ्याबद्दल."

आजवर माझी पत्रं ताईच लिहायची. शाळा सुटल्यापासून मी टाक हातात धरला नव्हता. खाली बसले, त्याच पाटावर. शेवटी लिहिलं: 'ती. काकांस शिरसाष्टांग नमस्कार. माझं इथं काम आहे. मी येत नाही.' मग सवयीनं तीनदा वाचून बघितलं, आणि मिनूला पेटीत टाकायला दिलं. जिना उतरून ती गेली, तरी मी तिच्या मागं परत बोलवायला गेले नाही.